आभारप्रदर्शन

पन्नास वर्षं झाली म्हणून मंडप,
आणि मंडपात शेवटी, रिवाजाप्रमाणे, आभार.
ते माझ्याकडे दिलेत.
कुणाकडे द्यायचं कळलं नाही
की काम कचेरीत येतं, तसं.
मसालेभाताचं झाकण उघडलंय, वासावरून कळतंय,
मागच्या रांगा उठू लागल्यात.
उठा. मी बसलेल्यांपुरतं बोलते.

मान्यवरांची नावं छापील कार्डावर आहेत.
माझ्या हातात पहिली प्रवेश-नोंदवही आहे,
बांधणी सुटलेली, खळ लावून दोनदा शिवलेली.

तर आधी रेशनच्या गोदामाचे आभार,
सातपूरच्या वळणावरच्या,
जिथं हे सरकारी सायंकॉलेज सुरू झालं.
फळा पुसला की खडूबरोबर मिलो ज्वारीचा भुसा यायचा.
पहिल्या दिवशी एकोणीस जण.
सहाचा भोंगा झाला की कंपनीतून तडक वर्गात,
हात धुवायला वेळ कुठला.
म्हणून या वहीच्या कडांवर अंगठे आहेत, ऑइलचे.
शाई फिकी पडली.
अंगठे आहेत तसेच.

हिरामण गांगुर्डे, हजर.
हिरामण गांगुर्डे, हजर.
हिरामण गांगुर्डे, रात्रपाळी.
पुढे तो वीज मंडळात लागला,
थेट भामरागडला, राज्याच्या त्या टोकाला.
तिथून दिवाळीला कार्ड यायचं:
काल एका पाड्यावर खांब उभा केला.
बाई, माझं प्रमाणपत्र न्यायचं राहिलंय.
राहिलंच. माझ्या कपाटात आहे.

सुरगाण्याची यमुना चौरे.
तिची शेवटची एसटी सव्वाआठला,
म्हणून वेळापत्रकात साडेआठ लिहून
पावणेआठला तास सोडणाऱ्या देवचक्के सरांचे आभार.
(साहेब, आता चौकशी लावू नका, सर गेले.)
यमुनानं हरसूलकडे किती बाळंतपणं केली
ते आरोग्य खात्याला ठाऊक.
मला एवढंच माहीत, तिकडून येणाऱ्या मुली
अर्जात पत्त्याच्या रकान्यात लिहितात,
यमुनासिस्टरच्या घराजवळ.

ज्या साली दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला
त्या साली मोटार-रिवाइंडिंगचा अख्खा वर्ग
भांडीबाजारात उकिडवा बसला,
गाळातले पंप उघडत, अकरा दिवस.
जर्नलं कोरी राहिली.
बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पोरांची नखं पाहिली
आणि सह्या केल्या. त्यांचे आभार.

शासनाचे आभार. अनुदान आलं.
उशिरा आलं, पण आलं.
एका वर्षी आलं नाही, तेव्हा विजेचं बिल
कँटीनवाल्या शकील तांबोळींनी भरलं.
ते अद्याप परत केलेलं नाही.
नोंद घ्यावी, ही विनंती.

आता लाल शाई.
तिचे आभार मानायची पद्धत नाही.
नाव कमी केले. कारण: लग्न.
नाव कमी केले. कारण: कंपनी बंद.
कारण: वडील. एवढंच लिहिलंय, वडील.
कारण: द्राक्षछाटणी.
पान एकशे बारा, ओळ सातवी, कारण कोरं.
ती मी.
पुढच्या वर्षी त्याच खिडकीत बसले, आतल्या बाजूला.

लाल शाईतले काही परत आले,
बारा वर्षांनी, वीस वर्षांनी,
एक तर नातीला कडेवर घेऊन.
कुणालाही विचारलं नाही, इतके दिवस कुठे होतात.
या कॉलेजचा हा एकच नियम
जो कुठल्या फायलीत नाही
आणि कधी मोडला नाही.

झालं. दोन मिनिटं दिली होती, चार घेतली.
एक सूचना आहे.
मंडप आहे म्हणून सुट्टी नाही;
वर खोली नंबर चारमध्ये फिटरचा तास चालू आहे,
उद्या त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा.
जेवायला जाताना
जिन्यावरून जरा हळू.